बारा व्होल्ट

अनुग्रह पाटोळे दुकानात आला तेव्हा
माझ्या हातात हायड्रोमीटर होता
आणि शर्टाला ॲसिडचं नवं भोक.
त्याच्या खांद्यावर खताचं पोतं, पोत्यात गिटारचा ॲम्प.
म्हणाला, भाऊ, हे गाडीच्या बॅटरीवर चालंल का?

घाटावरच्या वस्तीची डीपी जळून
अकरा दिवस झालेले.
मी विचारलं, कार्यक्रम काय? हळद? बारसं?
कायच नाही, म्हणाला.
वाजवायचंय.

मागचे सहा स्क्रू काढले.
आत झुरळाची अंडी, एक बंद पडलेली चवली,
आणि चव्वेचाळीस-चाळीसची आयसी, जुनी, इमानदार.
त्याला वाटलेलं, इन्व्हर्टर लागणार.
येड्या, इन्व्हर्टर बाराचे दोनशे तीस करणार,
आतला ट्रान्सफॉर्मर दोनशे तीसचे पुन्हा बारा.
गच्चीवर चढायचं आणि चप्पल खालीच राहिली म्हणून उतरायचं.
याच्या पोटाला मुळात बाराच लागतात.

ट्रान्सफॉर्मर वर्तमानपत्रात बांधून त्याच्याकडं दिला.
लाल तारेत दहा अँपियरचा फ्यूज टाकला.
लाल प्लसला, काळी बॉडीला.
उलटं लावशील तर आयसी बाराच्या भावात जाईल.
धूरसुद्धा उदबत्तीएवढाच निघतो,
लाज वाटावी इतका बारीक.
हे मला कसं माहीत, ते विचारू नको.

आठनंतर मुनीरच्या काळीपिवळीला सवारी नसते.
घाटाच्या तोंडाशी उभी केली, बॉनेट उघडलं.
क्लिपा चावल्या.
बॅटरीचा एक सेल ढिला, म्हणून मुनीरनं
इंजिन चालूच ठेवलं,
तर स्पीकरमधून डायनामोची शिट्टी!
ॲक्सिलेटर दाबला की सूर वर, सोडला की खाली.
मुनीर खूश. आरं, मीच वाजवायलोय की!
बंद कर, म्हटलं.

आणि मग ते झालं
ज्यासाठी हे लिहितोय.

आजवर ॲम्प लावला की आधी घूं यायची.
लाईनची, पिठाच्या गिरणीची,
तारांवर टाकलेल्या सगळ्या आकड्यांची घूं.
आम्हाला वाटायचं, गिटार तिच्यावरच उभी असते.
अनुग्रहनं खटका दाबला
आणि काहीच आलं नाही.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी फ्यूजकडं.
दिवा तर पेटलेला.
मेला का?
वाजव, म्हटलं.

त्यानं वरची जाड तार नुसती सोडली.
बॉनेटचा पत्रा थरथरला.
तार विझत गेली
आणि तिचं शेपूट शेवटपर्यंत ऐकू आलं.
इतकं लांब असतं ते
हे त्यालाही ठाऊक नव्हतं, तार त्याचीच असून.
त्यानं पुन्हा तीच सोडली. पुन्हा तीच.
वस्तीवरून दोन टॉर्च निघाले, मग सात.
मालनबाई म्हणाल्या, एवढं थांबून थांबून का वाजवायलास रे?
तो म्हणाला, ऐकायलोय.

त्याला चार कॉर्ड येतात, पाचवी अर्धी.
सगळ्या वाजल्या. अर्धी दोनदा.

साडेदहाला आवाज फाटायला लागला.
हायड्रोमीटर लावला, फ्लोट लाल पट्टीत बुडालेलं.
मुनीरनं किल्ली फिरवली.
टक्.
बस, एवढंच. टक्.

मग ऐकणाऱ्यांनीच ढकलली.
मालनबाईंनी चप्पल काढून हातात घेतली आणि खांदा लावला.
उतार लागला, दुसऱ्या गिअरला क्लच सुटला,
जीप दोनदा शिंकली, उजेड पडला,
आणि गेली खाली तेलगावकडं.

गिटार अनुग्रहच्या गळ्यात होती.
ॲम्प मात्र पुढच्या सीटवर,
घाईत क्लिपा काढायच्या राहिलेल्या.

आम्ही अंधारात उभे.
पहिल्या वळणाला शिट्टी वर चढली,
दुसऱ्याला खाली आली,
तिसऱ्याला मुनीरनं मुद्दाम ॲक्सिलेटर दाबला असणार.

कुणीच घरी जाईना.